खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात शॅम्पू बार कोणता घ्यावा?

प्रश्न (दर्यापूर तालुका)
नमस्कार. शॅम्पूच्या रिकाम्या पुड्या न्हाणीतून नालीत आणि नालीतून वावरात जातात, हे थांबावे म्हणून मी घरात शॅम्पू बार सुरू केला. परंतु बोअरच्या पाण्याने धुतलेले केस वाळल्यावरही चिकट लागतात आणि कंगव्याच्या दातांत पांढुरका थर साचतो. वेष्टनावर ‘नैसर्गिक, हाताने बनवलेला’ असे लिहिले आहे. केसांना सवय होईपर्यंत असे होतेच, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. वाट पाहावी की बार बदलावा?

उत्तर १ (अकोला जिल्हा)
ताई, वाट पाहू नका. शॅम्पू बार या नावाने दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून केलेला साधा साबण; त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचे माप) ९ ते १० असतो, तर डोक्याच्या त्वचेचा साडेपाचच्या आसपास. दुसरा साबणविरहित बार, ज्यात शॅम्पूसारखीच फेस देणारी द्रव्ये घट्ट स्वरूपात असतात आणि ज्याचा सामू त्वचेच्या जवळपास ठेवता येतो. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. कंगव्यातला पांढरा थर तोच आहे, त्यामुळे सवयीने तो जाणार नाही. पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो, असे भारतीय मानक सांगते. आपल्याकडच्या अनेक बोअरचे पाणी याहून जड निघते.

घटकांच्या यादीत सोडियम पामेट, सोडियम कोकोएट किंवा सोडियम ऑलिव्हेट आधी असेल तर तो साबण समजा. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट आधी असेल तर तो बार आपल्या पाण्यात चालेल. यादीच नसेल तर बाटलीत बोअरचे पाणी घेऊन त्यात बारचा कीस टाका आणि जोराने हलवा: फेस न येता पाणी दुधाळ होऊन वर कण तरंगले, तर तो साबणच.

उत्तर २ (शेगाव तालुका)
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. वापराबाबत एवढेच सांगते की, बार केसांच्या लांबीवर घासू नये, त्याने केस गुंततात. तळहातावर फेस काढून तो मुळांशी चोळावा. डोक्याला भरपूर तेल असेल तर दोनदा धुवावे लागते. आतापर्यंत बसलेला थर काढण्यासाठी तांब्याभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस मिसळून ते केसांवरून ओतावे आणि नंतर धुवून टाकावे; निव्वळ लिंबू मात्र डोक्याला कधीही लावू नये. बार जाळीच्या साबणदाणीत कोरडा ठेवला नाही तर पावसाळ्यात त्याचा लगदा होतो आणि पुड्यांपेक्षा तो महाग पडतो.

प्रश्नकर्ती
यादी वाचली. सोडियम पामेट पहिलेच आहे. उरलेल्या बारचे काय करावे? शिवाय सासूबाईंना कोंडा आहे, त्यांनी नवा बार वापरावा का?

उत्तर १
उरलेला बार हात धुण्यासाठी वापरून संपवा. सासूबाई नवा बार वापरू शकतात, परंतु बार हे कोंड्याचे औषध नव्हे. खाज किंवा खपल्या असतील तर त्यांना आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बहुधा ते कीटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शॅम्पू लिहून देतील.