अंडरटेल या व्हिडिओ गेममधली तुमची न विसरलेली बॉस फाइट (मोठ्या शत्रूशी लढत) कोणती? (अनुभव धागा)

चांदणवेडी
काल भाचा माझ्या लॅपटॉपवर अंडरटेल खेळत होता, मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. बराच वेळ बटणांचा खडखडाट चालला होता, मग एकदम शांत. थोड्या वेळाने दारात येऊन म्हणाला, "मावशी, हिला मारावंच लागतं का गं?"

ही म्हणजे कोण, हे विचारायची गरजच नव्हती. टोरिएल, गेमच्या सुरुवातीला आपल्याला सांभाळणारी.

मी मारलं होतं तिला. २०१५चं वर्ष संपत आलं होतं, गेम सप्टेंबरात आलेला. आधी बोलून पाहिलं, काही फरक पडेना. मग वाटलं, हिला थोडं दमवावं, हेल्थ कमी झाली की आपोआप वाट सोडेल. बाकीच्या गेमनी तेच शिकवलेलं. ही बाई आपला हात धरून काट्यांच्या जमिनीवरून नेते, बटरस्कॉच की दालचिनी असं फोन करून विचारते, आपण झोपलेलो असताना खोलीत पायचा तुकडा ठेवून जाते (खायचा पाय!). आणि तिची हेल्थ थोडीच उरलेली असताना मी केलेला वार एकाएकी इतका जबरदस्त बसला की सगळं तिथेच संपलं.

त्याच्या जरा आधी माझीच हेल्थ अगदी तळाला गेली होती आणि तिच्या आगीचे गोळे मला वळसा घालून जायला लागले होते. ते मला दिसलं होतं. "वाचले" एवढंच मनात आलं. ती मुद्दाम नेम चुकवते आहे हे नंतर कळलं.

गेम बंद केला, जुन्या सेव्हपासून पुन्हा सुरू. या वेळी फक्त माफी (शत्रूला न मारता सोडून द्यायचं बटण). वीसेक वेळा तेच बटण. ती वाचली, मला मिठी मारून निघून गेली. आणि पुढच्याच खोलीत फ्लावी (ते बोलणारं फूल) म्हणतो की आधी काय केलंस ते मला ठाऊक आहे! पुन्हा सुरू केलं की झालेलं पुसलं जातं, असं मी धरूनच चालले होते.

भाच्याला काही सांगितलं नाही. "तुला काय वाटतं?" इतकंच विचारलं, तो परत जाऊन बसला. पण माझ्या डोक्यातून ते जाईना, म्हणून हा धागा. अडवलेली, रडवलेली, कुठलीही लढत लिहा. स्पॉयलर असणारच. ज्यांना खेळायचा आहे त्यांनी इथूनच मागे फिरा.

उलटा बाण
अन्डाइन, राजाच्या रक्षकांची प्रमुख. आयडीवरून कळलंच असेल.

मधली सुट्टी
माझा डावा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा खेळायला घेतला. एका हाताने बाणाची बटणं आणि त्याच हाताने एंटर. पपायरसपर्यंत कशीबशी पोचले. लढाईत आपण म्हणजे एक छोटं हृदय, ते तो निळं करतो, मग ते जमिनीला चिकटतं आणि हाडांवरून उड्या मारायच्या. एका हाताने ते होईना. तो जीव घेत नाही, हरलं की उचलून शेडमध्ये कोंडतो. बाहेर पडायचं, परत त्याच्याकडे जायचं. तीनदा हरले. चौथ्यांदा गेले तर तो स्वतःहून विचारतो, लढाई सोडून पुढे जायचंय का?

मी खरंच रडले. दोन महिने घरात प्रत्येक गोष्टीसाठी कुणाला तरी हाक मारावी लागत होती, आणि इथे हा सांगाडा न मागता म्हणतोय की राहू दे, जा पुढे. लोक पपायरसला सोपा बॉस म्हणतात. असेल. मला तो सगळ्यात जवळचा.

रानवारा
@मधली सुट्टी, हात आता कसा आहे?

मधली सुट्टी
अहो झाली त्याला चार वर्षं, एकदम ठणठणीत :) प्लास्टर निघाल्यावर परत जाऊन त्याला रीतसर हरवलं. म्हणजे लढून, न मारता. मग डेटवरही गेले.

रानवारा
छान! आता माझं. सॅन्स, पपायरसचा भाऊ. सगळ्यांना मारत जायच्या वाटेवरच (जेनोसाइड) तो लढतो. तीन आठवडे.

चेक केलं की दिसतं हल्ला १, बचाव १, सगळ्यात सोपा शत्रू. त्यावर जाऊ नका. बाकी लढतींत एकदा फटका बसला की क्षणभर पुढचा लागत नाही, ती उसंत हा देत नाही. हाडाला चिकटून राहिलात तर क्षणाक्षणाला एकेक करत हेल्थ झिरपते, वर विषासारखं काहीतरी मागाहून खात राहतं. ९२ एचपी (हेल्थ) म्हणजे तिथे काहीच नाही. आणि आपली पाळी यायच्या आधीच त्याचा सगळ्यात जड हल्ला येतो, पहिल्या काही सेकंदांत. पहिल्या दिवशी मी फक्त तेवढाच पाहिला, पुन्हा पुन्हा.

मध्यावर तो म्हणतो, पुरे कर, आपण मित्र होऊ शकलो असतो. माफीचं बटण उजळतं. मी दाबलं. त्याने मारलं. राग आला नाही हो. त्या वाटेने सगळ्यांना, अगदी त्याच्या भावालाही, मारत आलेलो मीच होतो. त्याने माझ्यावर का विश्वास ठेवावा?

शेवटी त्याचा खास हल्ला म्हणजे काहीच न करणं. तो आपली पाळी सोडतच नाही, म्हणजे आपली येतच नाही. मग उभ्या उभ्या त्याचा डोळा लागतो, आणि तेव्हा हृदय ज्या चौकटीत असतं ती हळूच ढकलत वाराच्या बटणापर्यंत न्यायची. जिंकलो. खुर्चीतून उठलो, खिडकी उघडली, बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

चांदणवेडी ताई, तुमच्या टोरिएलशी याचं नातं आहे. दुसऱ्या वाटेने खेळताना सॅन्स जेवायला नेतो तेव्हा सांगतो ना, एका बंद दारामागच्या बाईला शब्द दिलाय की माणूस आला तर त्याच्यावर लक्ष ठेवीन, आणि तो शब्द नसता तर तू केव्हाच मेला असतास. ती दारामागची बाई म्हणजे टोरिएलच. मी ते आधी ऐकलेलं असूनही ती वाट धरली. याचं वाईट अजून वाटतं.

चांदणवेडी
@रानवारा, तो जेवणाचा प्रसंग मी विसरलेच होते. आता परत बघणार.

कोरा कॅनव्हास
जेनोसाइड केला नाही, करणारही नाही. शेवटी आत्मा विकून जग परत मिळवलं तर नंतरचा चांगला शेवटही कायमचा डागाळतो. गेम बनवणाऱ्या टोबी फॉक्सने ती वाट मुद्दाम कंटाळवाणी ठेवली असावी असं मला वाटतं, रिकाम्या जागांत शत्रू येण्याची वाट बघत फिरत राहायचं. जणू तो म्हणतोय, अजून वेळ आहे, थांब.

उलटा बाण
आत्ता वेळ मिळाला. अन्डाइन आपलं हृदय हिरवं करते. हलता येत नाही, फक्त ढाल फिरवायची. चारी बाजूंनी बाण. मी डोळ्यांनी बघून ढाल फिरवायचो आणि मरायचो. मग कळलं की दूरचा बाण बघायचाच नाही, हृदयाला सगळ्यात जवळचा जो असेल तेवढाच. पिवळे बाण ऐन वेळी दुसऱ्या बाजूला उडी मारतात, त्यांना उलटं वाचायचं. हे हातात बसायला दोन रात्री लागल्या.

पण जेनोसाइडमधली अन्डाइन वेगळीच. मॉन्स्टर किडवरचा (तिचा छोटा चाहता) वार ती अंगावर घेते, विरघळायला लागते आणि मग केवळ जिद्दीवर पुन्हा उभी राहते. तिथे मी चाळीसच्या वर वेळा हरलो आणि प्रत्येक वेळी वाटायचं की तीच जिंकायला हवी. त्या गोष्टीत नायिका तीच आहे ना! पुढे सॅन्सपर्यंत गेलो नाही. तिच्यापाशीच सोडलं.

निळी शाई
मफेट!! कोणी मफेट कशी लिहिली नाही? जांभळं हृदय, कोळ्याच्या जाळ्याचे तीन धागे, त्यावरून वरखाली उड्या. मला मुळात कोळ्यांची भीती, अर्धा वेळ डोळे बारीक करून खेळले. सातव्या-आठव्या खेपेला मैत्रीण म्हणाली, अगं सुरुवातीला कोळ्यांच्या दुकानातून डोनट घेतलास ना? खा की. ७ सोन्याच्या नाण्यांचा डोनट पहिल्यापासून पिशवीत पडून होता. खाल्ला, लढाई संपली!

पानगळ
हॉटलँडमध्ये (गेमचा पुढचा भाग) तोच डोनट ९९९९ला विकतात हे पाहिलंस का?

निळी शाई
हो ना! आणि ते पैसे बिचाऱ्या रुइन्समधल्या (सुरुवातीचा भाग) कोळ्यांना तिथून बाहेर आणायला. कळल्यावर फार वाईट वाटलं.

गच्चीवरचा
मेटाटॉन ईएक्स, तो टीव्हीवरचा रोबो. लढाईच्या मध्येच निबंध लिहायला लावतो, माझ्याबद्दल काय आवडतं लिही म्हणून. मी आठवेल ते टाइप केलं. त्याच्या पायांचा उल्लेख केला की एकदम खूश.

निळी शाई
या धाग्यात पाय म्हणजे टोरिएलचा की मेटाटॉनचा ते कंसात लिहायचं ठरवू या, हाहा

पानगळ
असगोर, राक्षसांचा राजा. आमच्या वडिलांना जाऊन दोन महिने झाले होते तेव्हा खेळत होते. तो पाठमोरा फुलांना पाणी घालत असतो. वळतो, आपण कोण ते कळतं, चेहरा पडतो. चहा विचारावासा वाटतोय पण... असं काहीतरी म्हणतो. तयारी झाली नसेल तर परत जा, सावकाश ये, असंही म्हणतो. आणि लढाई सुरू होते तेव्हा त्रिशूळाने माफीचं बटणच फोडून टाकतो. त्याला स्वतःला सोडून द्यायची सोय नको असते.

त्याच्या डोळ्यांकडे बघायचं. निळी चमक आली की त्रिशूळ जाताना स्थिर राहायचं, नारिंगी आली की हलत राहायचं. पण तो बहुतेक मान खाली घालूनच लढतो. मी हरत होते. परत आल्यावर त्याला सांगता येतं की तू मला आधी मारलं आहेस, किती वेळा तेही. तो नुसती मान हलवतो. मग मी टोरिएलचा पाय (खायचा) खाल्ला. वासाने त्याला काहीतरी आठवतं, आणि त्याचे हल्ले हलके होतात.

मी तो तुकडा इतका वेळ जपून ठेवला होता. कशासाठी ते तेव्हा कळलं. बाबांच्या कपाटातल्या काही वस्तूंना तसाच वास येतो. त्या रात्री पुढे खेळले नाही.

मधली सुट्टी
पानगळ, जवळ घेते गं तुला.

रानवारा
+१. शब्द नाहीत.

धूळपाटी
त्यानंतर फ्लावी सहा माणसांचे आत्मे घेऊन येतो तेव्हा तुम्हा सगळ्यांचा गेम बंद पडला का? हरलो की तो हसतो आणि गेमच बंद होतो. मला वाटलं कॉम्प्युटर गेला. दोनदा रीस्टार्ट केला, सेव्हची फाइल शोधत बसलो. परत उघडलं तर तो तिथेच! घाबरलेला असताना एकेका आत्म्याला मदतीची हाक मारायची आणि हल्ल्याच्या जागी औषध यायचं, तो आनंद कसा सांगू.

ओलं पान
मी अंडरटेल खेळलेलो नाही, स्पॉयलर वाचले, चालतंय. हॉलो नाइट (दुसरा गेम) चालेल का इथे? मँटिस लॉर्ड्सना हरवल्यावर त्या वाकून नमस्कार करतात आणि मग त्यांच्या वस्तीत कोणी आपल्यावर हल्ला करत नाही. आणि शेवटचा बॉस, त्याचंही नाव हॉलो नाइट, लढता लढता स्वतःच्याच छातीत शस्त्र खुपसतो. आपल्याला सोपं जावं म्हणून. मी कंट्रोलर खाली ठेवला. हल्ला करायची उत्तम संधी होती, हात उचलला नाही.

कोरा कॅनव्हास
@ओलं पान, चालेल काय, धावेल. त्याच गेममधला ग्रिमही वाकतो ना लढाईआधी? तो वाकलेला असताना मारलं तर चिडतो.

ओलं पान
हो! आपणही उलट वाकून दाखवायचं असतं. सिल्कसाँगही (त्याचा पुढचा गेम) घेतलाय, पण त्यावर वेगळा धागा लागेल.

धूळपाटी
अवांतर : २०१६ मध्ये एका यूट्यूबरने तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांना अंडरटेल भेट दिला होता. त्यांनी खेळला असेल का हा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो.

चांदणवेडी
सगळं वाचतेय, मध्ये मध्ये कामं. पानगळ, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. ॲझरिएलबद्दल (कोणालाच न मारता खेळलं तर शेवटचा बॉस) कोणीच लिहिलं नाही अजून. तिथे हरताच येत नाही, हृदय फुटतं आणि मरायला नकार देऊन परत जुळतं. मला ती लढत अवघड गेली ती शेवटी, तो रडायला लागतो तेव्हा.

भाचा : माफीचं बटण दाबतोय. "ही काही बोलतच नाही गं" म्हणाला. मी म्हटलं, दाबत राहा.

गच्चीवरचा
मी अन्डाइनला मारलं होतं, न मारता पुढे जाता येतं हे आज कळतंय. कसं?

उलटा बाण
हृदय लाल होतं तेव्हा पळायचं. ती पाठलाग करते, परत गाठते, परत पळायचं. हॉटलँडला पोचलं की चिलखतात ती उकाड्याने कोसळते. तिथेच पाण्याचा कूलर आहे. कपभर पाणी घे आणि तिच्यावर ओत.

गच्चीवरचा
तो कूलर पाहिला होता मी. स्वतः पाणी पिऊन पुढे गेलो होतो असं आठवतंय. लॅपटॉप चार्जिंगला लावलाय, आज रात्री पहिल्यापासून.