जुन्या मारुती ८०० साठी रेडिएटरचे झाकण: ०.९ की १.१?

प्रश्न
माझ्याकडे १९९८ सालची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे. गेल्या महिन्यात खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेषेपाशी गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडले तेव्हा रेडिएटरचा वरचा होज पाइप पार चपटा झालेला होता. शेजारच्या बाटलीतले कूलंट मात्र काठोकाठ होते. झाकणावर ०.९ हा आकडा आहे. मेस्त्री म्हणतात की १.१ चे बसवा, म्हणजे पाणी उशिरा उकळेल. तसे करावे का?

पहिले उत्तर
दुखणे काय आहे ते चपट्या पाइपनेच सांगितले आहे. झाकणात दोन झडपा असतात. मोठी झडप ठरलेल्या दाबाला उघडून जास्तीचे कूलंट बाटलीत सोडते, तर तळाशी मधोमध असलेली छोटी झडप इंजिन गार होऊन आत पोकळी निर्माण झाली की तेच कूलंट परत ओढून घेऊ देते. ही छोटी झडप चिकटली किंवा बाटलीकडची नळी तुंबली, तर बाहेरच्या हवेचा दाब पाइपला दाबून टाकतो. नळी फुंकून पाहा आणि झाकण नवे घ्या, पण ०.९ चेच.

दुसरे उत्तर
मेस्त्रींचा हिशोब तत्त्वतः बरोबर आहे, पण फायदा किती ते पाहावे. हे आकडे किलो प्रति चौरस सेंटिमीटरचे आहेत, आणि घरच्या कुकरची शिट्टीही साधारण १ किलोलाच होते. समुद्रसपाटीला साधे पाणी ०.९ च्या झाकणाखाली सुमारे ११८ अंशांना उकळते, १.१ खाली सुमारे १२१ ला. या तीन अंशांसाठी पंचवीस वर्षांच्या रेडिएटरच्या सांध्यांवर आणि पाइपांवर वाढीव दाब घालणे मला पटत नाही. मी तो उद्योग एकदा केला आणि हीटरचा पाइप फुटून पायाखालची सतरंजी भिजली.

तिसरे उत्तर
आकड्याइतकीच झाकणाची खोली महत्त्वाची आहे. ते आखूड असेल तर तळाचा रबरी वायसर आतल्या कडेवर टेकतच नाही, आणि दाब न धरता कूलंट बाटलीत जात राहते. जुने झाकण दुकानात नेऊन शेजारी धरून मोजावे, आणि रेडिएटरच्या गळ्यातल्या कडेवरून बोट फिरवून क्षार किंवा खाचा नाहीत ना, हेही पाहावे. अर्थात इंजिन पूर्ण गार झाल्यावरच.

प्रश्नकर्ता
आज पाहिले. छोटी झडप पांढऱ्या क्षाराने घट्ट बसली होती आणि नखाने ओढूनही हलेना. ०.९ चे झाकण बसवल्यापासून पाइप सकाळी गोल असतो आणि बाटलीतली पातळीही उतरते. घाटात काटा अजून थोडा चढतोच, म्हणून आता रेडिएटर उतरवून आतून साफ करायला दिला आहे.