ब्रायरच्या घोड्याचा काठियावाडी करायचाय, पाय नक्की कुठून कापू?

रावपुरा_बॉय
नमस्कार मंडळी, मामेभाऊ अमेरिकेहून आला तेव्हा ब्रायर कंपनीचा प्लास्टिकचा मॉडेल घोडा घेऊन आला, ट्रॅडिशनल साइजचा म्हणजे १:९ वाला, अरबी आहे, चारही पाय टेकवून नुसता उभा. मस्तच आहे पण मला तो तसाच शोकेसमध्ये ठेवायचा नाहीये. आपल्या सौराष्ट्राच्या जातीचा, काठियावाडी करायचाय त्याचा, कान आत वळलेले आणि दुडकीत निघालेला. आपल्या बडोद्यात राहून अरबी काय ठेवायचा यार.
अजून हात लावलेला नाही, फोटो टाकलाय, आधी विचारून घेतो. प्लॅन असा आहे की पुढचा एक पाय गुडघ्यात आणि मागचा तिरपा एक पाय त्या मागे टोकदार दिसणाऱ्या सांध्यात कापायचा, आत तार घालायची, वाकवायचा आणि वरून पुट्टी. गरम पाण्याने नुसताच वाकवता येतो असं एका व्हिडिओत बघितलं, ते खरंय का? पुट्टी कुठली घेऊ, बाहेरून मागवायची ती महागडी घ्यायलाच हवी का? आणि रंगाचं पण सांगा, एअरब्रश नाहीये माझ्याकडे.

चिखल्या
फोटो बघितला, मॉडेल छान निवडलंय. पण तुझा कापायचा प्लॅन बदल बाबा, कारण तू जिथे कापणार म्हणतोस तिथे फक्त परिणाम दिसतो, हालचाल वरून सुरू होते.
पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो ते घोड्याचं मनगट आहे. त्याचं खरं कोपर वर छातीला चिकटलेलं असतं. आणि घोड्याला गळपट्टीचं हाड नसतंच, पुढचा अख्खा पाय खांद्याच्या फऱ्यासकट नुसत्या स्नायूंनी धडाला बांधलेला असतो, त्यामुळे पाय पुढे जातो तेव्हा फरा फिरतो, त्याचं वरचं टोक मागे सरकतं आणि खांद्याचा सांधा पुढे वर येतो. तू फक्त मनगटात वाकवलास तर खांदा उभ्या घोड्याचा आणि पाय चालत्या घोड्याचा असं होणार. नव्वद टक्के लोकांचं इथेच फसतं आणि मग ते पुट्टीला नावं ठेवत बसतात.
मागे तर अजून कडक हिशोब आहे. तो टोकदार सांधा म्हणजे घोट्याची टाच, खरा गुडघा वर पोटाच्या कातडीजवळ असतो. हे दोन सांधे कंडरांनी असे जोडलेले असतात की एक वाकला की दुसरा वाकतोच, एकटा घोटा वाकवणं जिवंत घोड्याला शक्यच नाही. म्हणून काप मांडीत घे, वरचा गुडघा पुढे आण, घोटा त्याच हिशोबाने मिट, आणि उचललेल्या पायाचा खुरावरचा सांधा मागे वळव. जो पाय वजन घेतोय त्याचं उलट, तिथे खुरावरचा सांधा खाली दबतो. दुडकीत तिरपी जोडी एकदम टेकते म्हणजे डावा पुढचा नि उजवा मागचा, तेव्हा जे दोन टेकलेत ते पण बदलावे लागतील, नुसते दोन उचलून चालणार नाही.
कापायच्या आधी कागदावर बाजूने चित्र काढ, हाडांच्या लांब्या डिव्हायडरने मोजून लिहून ठेव. पाचर कापून वाकवलं की हाड आखूड होतं आणि ते लक्षात येतं शेवटी, रंग लावल्यावर.

उनाड_नाग्या
गरम पाण्याचं सांगतो. ब्रायर सेल्युलोज ॲसिटेटचे असतात, उष्णतेने मऊ होतात हे खरं. मान थोडी वळवायची, शेपूट किंवा खालचा बारीक पाय जरासा सरळ करायचा, एवढं उकळीच्या जवळच्या पाण्यात होतं, हातमोजे घालून वाकवायचं आणि तसंच धरून गार पाण्यात बुडवायचं म्हणजे बसतं. खांदा मांडी नाही होत, तिथे कापच. आणि हा पोकळ असतो लक्षात ठेव, आतली हवा गरम होऊन फुगते आणि सांधा उकलतो, म्हणून पोटाखाली दिसणार नाही अशा जागी बारीक भोक पाडून घे आधी. जुना रंग काढायला ॲसिटोन अजिबात नको, प्लास्टिकच विरघळेल. शेजारच्या पोराचा तो रबरी पीव्हीसीवाला खेळण्यातला घोडा असतो त्याचे नियम वेगळे, ते व्हिडिओ इथे लावू नकोस.
पुट्टी बाहेरून मागवायची काही गरज नाही. आतल्या तारेच्या सांध्याला एम-सील, लवकर धरतं ते. वरच्या स्नायूंना मात्र सावकाश घट्ट होणारी पाहिजे, मोल्डिट चालेल, दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळ. प्लास्टिक साबणाने धुवून पॉलिश पेपरने खरवडून घे नाहीतर वरून पापडी सुटते. जाड लगदा एकदम थापू नको, पातळ थर, आदल्या दिवशीचा कडक झाला की पुढचा. घासताना ओलं करून घास आणि मास्क लाव, ती धूळ छातीत जाऊन बसते, आई ओरडेल ते वेगळंच.
आणि दोन पायांवर उभा राहील या भ्रमात राहू नकोस. टेकलेल्या दोन्ही खुरांतून तार खाली काढून लाकडी पाटात बसव.

बडोदेकर_काकू
मुलांनो सगळं बरोबर पण काठियावाडी करायचाय ना, मग दुडकीच का? आपल्याकडच्या घोड्यांची शान रेवाल चालीत. त्यात एका बाजूचे पुढचा मागचा पाय जवळजवळ बरोबरीने पडतात, वर बसलेल्याला हिसका बसत नाही. माझे आजोबा घोड्यावरून फिरलेले, ते दुडकीला तट्टूची चाल म्हणायचे.
कानाचं सांगते. दोन त्रिकोण चिकटवून आत वळवले की झाला काठियावाडी असं नसतं. कान मुळापासून वर सरळ निघतो आणि मग टोकाकडे आत वळत जातो, लक्ष देऊन ऐकत असला की दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात. मागून पण वळण दिसलं पाहिजे. कपाळ रुंद, डोळा मोठा, नाकाडाची रेघ किंचित खोलगट आणि तोंड खाली बारीक. तुझा अरबी आहे त्यामुळे निम्मं काम झालेलंच आहे, फक्त त्याच्या तोंडाचा खोलगटपणा जास्त वाटतोय फोटोत, थोडा भर.
आणि हो, उंची साधारण १४७ सेंटीमीटर धरतात, ९ ने भाग म्हणजे खांद्याला सव्वासोळा सेंटीमीटरच्या आसपास यायला हवा. मोजून बघ.

चिखल्या
काकू रेवाल आवडली पण एक अडचण सांगू का, बघणाऱ्याला एका बाजूचे दोन्ही पाय सोबत दिसले की तो म्हणणार पाय चुकलेत. लोकांच्या डोक्यात दुडकीच बसलेली आहे. १८७८ मध्ये मायब्रिजने कॅलिफोर्नियात पळत्या घोड्याचे ओळीने फोटो काढेपर्यंत चित्रकार चौखूर घोडा पुढचे दोन पुढे आणि मागचे दोन मागे ताणून हवेत दाखवायचे, खरं तर चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. खरे फोटो बघून सुद्धा लोकांना ते विचित्रच वाटलं होतं. तरी मी म्हणेन रेवालच कर, वेगळं होईल.
संदर्भाला कमाटीबागेच्या दारातला काळा घोडा, तो पुतळा, बघशीलच, पण तो खालून मान वर करून बघायला आहे, त्याची मापं टेबलावरच्या घोड्याला लावू नकोस. त्यापेक्षा लग्नसराईत वरघोड्याच्या घोड्या उभ्या असतात तिथे जा, मालकाला विचारून फोटो काढ. जवळून मोबाईल धरलास तर डोकं भलं मोठं आणि मागचा भाग बारीक येतो, वीसेक पावलं लांब जा, फोन घोड्याच्या छातीच्या उंचीला धर आणि झूम कर.

रावपुरा_बॉय
काकू, चिखल्यादादा, नाग्या, तिघांचे आभार. खांद्यात कापायचं ऐकून जरा पोटात गोळा आला पण कागदावर काढून बघितलं तर पटलं. रेवाल फायनल. रंग बदामी विचारात आहे, पाठीवर काळी रेघ असलेला. कोणी बोललंच नाही रंगावर.

बडोदेकर_काकू
बदामी घे, शोभेल. एअरब्रश नसला तरी काही अडत नाही. आधी राखाडी प्रायमर, त्यात पुट्टीचे सगळे खड्डे उघडे पडतात, ते भरून परत प्रायमर. स्प्रेवाला घेतलास तर पोटाखाली जरासा मारून बघ, प्लास्टिकला चालतो का ते. मग ॲक्रेलिकचा फिक्का हात आणि त्यावर सॉफ्ट पेस्टल खडू किसून त्याची पूड मऊ ब्रशने चोळायची, मॅट वार्निश, परत पूड, परत वार्निश. घाई केलीस तर डाग दिसतात, थर वाढवलेस की केसांची छटा येते. पाठीची रेघ आयाळीपासून शेपटीच्या मुळापर्यंत सलग, आणि पायांवर पुसट आडवे पट्टे, अगदी पुसट हं, झेब्रा करू नकोस. डोळ्याची बाहुली आडवी लांबट असते, गोल नाही, आणि चमकदार वार्निश फक्त तिथेच.
स्प्रे वार्निश पावसात मारू नकोस, हवेतल्या दमटपणाने पांढुरकं धुकं धरतं. आत्ता खांदा मांडी करून घे, दसऱ्यानंतर रंगाला बस. आणि आयाळ पुट्टीचीच कर, १:९ ला खरे केस दोरखंडासारखे दिसतात, फक्त आधी मोठे झुपके बसव, बारीक रेघा शेवटी टोचणीने.

उनाड_नाग्या
पाट सागाचा घे, माझ्याकडे तुकडा पडलाय, दांडिया बाजारात येणार असशील तर मेसेज कर.