खाऱ्या पाण्यातील मासे, कृष्णधवल फिल्म आणि एप्रिलचा उन्हाळा

प्रश्न (लातूरकर): नमस्कार. छत्रपती संभाजीनगरला माझ्या मावसभावाकडे खाऱ्या पाण्याची टाकी असून तीत क्लाउनफिशची जोडी आणि एक समुद्रफूल आहे. फ्लॅश न वापरता ३५ मिमी फिल्मवर त्यांची छायाचित्रे घेऊन घरच्याच डार्करूममध्ये प्रिंट काढण्याचा विचार आहे. एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मच्या मूळ ४०० वेगावर (आयएसओ) प्रकाशमापक मीटर एफ/२.८ ला १/३० सेकंद दाखवतो. एवढ्यात हलता मासा स्पष्ट येणार नाही. टाकीवरचा दिवाही निळा आहे. नारंगी मासा काळवंडू नये म्हणून पिवळा फिल्टर लावावा का? आणि नळाचे पाणी ३० अंशांच्या वर असताना डेव्हलपिंग कसे जमवावे?

गोदाकाठ, नांदेड: फिल्टर लावू नये. फिल्टर असलेल्या प्रकाशातूनच निवड करतो, नसलेला रंग तो आणत नाही. निळ्या दिव्यात नारंगी अंगावरून परतणारा प्रकाशच थोडा असतो आणि पिवळी काच उरलेला निळाही अडवते. त्याऐवजी भावाला अर्धा तास पांढरे एलईडी वाढवायला सांगावे. अर्थात निव्वळ निळ्या प्रकाशातला गडद मासा आणि त्यावरचे लख्ख पांढरे पट्टे मला स्वतःला अधिक आवडतात. समुद्रफुलाची गोष्ट मात्र वेगळी आहे: त्याचे शरीर निळ्या प्रकाशात हिरवे चमकत असेल, तर पिवळा फिल्टर तेवढीच चमक आत सोडतो, पण त्यासाठी तिपाई आणि बरेच सेकंद लागतील, आणि मासे त्यात धूसर होतील.

परभणीचा अंधार: फिल्म १६०० वेगाची समजून वापरा आणि डेव्हलपिंग वाढवा (यालाच पुश करणे म्हणतात), म्हणजे त्याच एफ/२.८ ला १/१२५ मिळेल. पाणी न मिसळलेल्या आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना १४ मिनिटे लागतात. छायेतला तपशील यातून परत येत नाही, पण टाकीची पार्श्वभूमी काळी पडली तर येथे बिघडत काहीच नाही. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये २० अंशांचा हट्ट सोडावा. माठातले पाणी आणि थोडा बर्फ टबात घालून रसायनांच्या बाटल्या व फिल्मची डेव्हलपिंग टाकी त्यात ठेवली की २४ अंश टिकवता येतात, आणि मग सुमारे १० मिनिटे पुरतात. फिक्सर (प्रतिमा पक्की करणारे रसायन) आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानाच्या आसपास असावे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने शेवटची धुलाई करू नये, नाहीतर निगेटिव्हवर पांढरे डाग वाळतात. वेटिंग एजंटचे (पाण्याचे थेंब साचू न देणाऱ्या द्रावाचे) काही थेंब घातलेले डिस्टिल्ड वॉटर वापरावे.

बिंदुसरा, बीड: काचेचेही पाहा. लेन्सला रबरी हूड लावून तो काचेला सरळ टेकवा, खोलीतले दिवे बंद करा. समोरून घेताना पोलरायझर (काचेवरची चकाकी कमी करणारा फिल्टर) निरुपयोगी ठरतो आणि प्रकाश मात्र खातो.

लातूरकर: आभार. प्रिंटसाठी कागदाच्या कोणत्या ग्रेडपासून (कॉन्ट्रास्टच्या पातळीपासून) सुरुवात करावी?

परभणीचा अंधार: पुश केलेली निगेटिव्ह आधीच कडक, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्टची असते, म्हणून मल्टिग्रेड कागदावर (फिल्टर बदलून ग्रेड बदलता येणाऱ्या) दोनच्या फिल्टरने चाचणीपट्टी काढा. माशाचे पांढरे पट्टे कोरे राहिले, तर तेवढ्याच भागाला जास्त प्रकाश द्या.