पेट्रोलियम जिऑलॉजी करावी काय? कोल्हापुरातनं कुणी गेलंय काय ह्या लायनीत?

कागलकर_२२
नमस्कार मंडळी, बीएस्सी जिऑलॉजी शेवटचं वर्ष चालू हाय, तेलाच्या कंपनीत जायचं डोक्यात हाय. वडील म्हणत्यात अख्ख्या जिल्ह्यात तेलाचा थेंब नाही, तू काय पन्हाळ्यावर बोअर मारणार काय. एकजण म्हणतोय प्रायव्हेटला पेट्रोलियमचं एमटेक कर, पण फी बघून डोळं पांढरं झालं. काय करू?

रिगवरचा_गडी
भावा फी भरायची घाई करू नको. आधी जॅम (एमएस्सीच्या प्रवेशाची परीक्षा) दे, त्यातनं आयआयटी मुंबई, खरगपूर, धनबाद असल्या ठिकाणी एमएस्सी मिळती. मग गेट परीक्षेचा जिऑलॉजी-जिओफिजिक्सचा पेपर. ओएनजीसी ही सरकारी तेल कंपनी बऱ्याच वर्षी त्या मार्कावर जिऑलॉजिस्ट घ्यायची, पण जाहिरात दरवर्षी निघंलच असं धरू नको. प्रायव्हेटला सुरुवात बहुतेक मडलॉगिंगनं, म्हणजे विहीर खणताना वर येणारा चुरा तपासून नोंद ठेवायची. बारा तासाची ड्युटी, शेल शेकरवरनं (हलत्या चाळणीवरनं) खडकाचा चुरा घ्यायचा, धुवायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा, मग यूव्हीच्या पेटीत धरायचा, तेल असलं तर चमकतंय. आणि हातातला चुरा आत्ता बिट (खणणारं टोक) जिथं हाय तिथला नसतोय, खालनं वर यायला वेळ लागतोय, तो लॅग टाइम हिशोबात धरूनच खोली लिहायची, तिथं गडबड झाली की सगळा लॉग बोंबलला. पहाटे तीनला हे जमणार असंल तर ये. पगार पहिल्यांदा लोकं सांगत्यात तेवढा नसतोय.

तांबडा_पांढरा
तेलच शोधायचंय तर मिसळीचा कट बघ की, रिग कशाला 😄

दगडवाल्या_बाई
वडलांचं निम्मं बरोबर आहे बाळा. तेल तयार व्हायला सेंद्रिय गाळ लागतो, तो खोल गाडला जाऊन तापावा लागतो, आपल्या बेसाल्टात ते होत नाही. पण गुजरातेत खंबातच्या खोऱ्याचा तळ म्हणजे हाच आपला दख्खन ट्रॅप (बेसाल्ट), त्याच्यावर गाळ साचला आणि 1960 ला अंकलेश्वरचं तेलक्षेत्र सापडलं. समुद्रातलं 'मुंबई हाय' तेलक्षेत्र 1974 चं, तिथलं तेल चुनखडीत. राजस्थानात बारमेरकडं रागेश्वरीला तर ज्वालामुखीच्या खडकातनंच गॅस काढतात, ते दाखव त्यांना. आपल्या पोरांची खरी अडचण वेगळी आहे, चहूकडं बेसाल्ट, त्यामुळं गाळाचा खडक फक्त पुस्तकात बघितलेला, आणि मुलाखतीत नेमकं तिथंच अडकतात. सुट्टीत बदामीला जा, वालुकाश्मातलं क्रॉस बेडिंग (तिरके थर) वहीत काढ, प्रवाह कुठनं कुठं होता ते स्वतः ठरव.

आखातातला_करवीरकर
बाईंशी सहमत. एक राहिलं, ही लाईन तेलाच्या भावावर नाचती. 2014 नंतर भाव निम्म्याच्या खाली आला, 20 एप्रिल 2020 ला तर अमेरिकेतला वायदा उणे 37 डॉलरवर गेलावता. अशावेळी पहिली कुऱ्हाड कंत्राटी पोरांवर. म्हणून पायथन (प्रोग्रामिंग), जीआयएस (कॉम्प्युटरवरचं नकाशाकाम) हाताशी ठेव आणि एमएस्सी झाल्यावर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा पण दे, त्यातनं जीएसआय (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) आणि केंद्रीय भूजल मंडळ दोन्हीकडं जाता येतंय. तेल नाही तर पाणी, खडक तोच.

कागलकर_२२
लई आभार सगळ्यांचं. जॅमचा फॉर्म कधी असतोय? शेवटच्या वर्षाला असताना चालतंय काय?

रिगवरचा_गडी
चालतंय की. फॉर्म साधारण सप्टेंबरात, पेपर फेब्रुवारीत. आणि बदामीला निघालास तर सांग, मी सुट्टीवर हाय, गाडी पण हाय.