मदत हवी आहे: स्विच २ घ्यावा की नाही? रिव्ह्यूंचा मेळ लागत नाही, बुधवारपर्यंत कळवायचंय

घाट_उतार
ताई गुरुवारी न्यू जर्सीहून निघतेय. निन्टेन्डो स्विच २ (हातात धरून किंवा टीव्हीला लावून गेम खेळायचं यंत्र) आणू का, असं विचारतेय. बुधवार रात्रीपर्यंत हो की नाही सांगायचंय. तीन दिवस रिव्ह्यू वाचतोय. एक समीक्षक म्हणतो स्क्रीन झकास, ७.९ इंच, १०८०पी, १२० हर्ट्झ, एचडीआर (उजेड-अंधार जास्त ठळक). दुसरा म्हणतो चित्र हललं की २०१७च्या पहिल्या स्विचपेक्षाही पुसट दिसतं. दोघांच्या हातात यंत्र एकच आहे ना? आणि गुण दोघांनीही भरपूर दिलेत. २०२५च्या भावाने ४५० डॉलरचा प्रश्न आहे. स्क्रीन खराब आहे की नाही एवढंच सांगा, बाकीचं मला माहीत आहे.

तिसरा_खेळाडू
सध्या काय आहे तुमच्याकडे? टीव्हीवर खेळता की हातात धरून? हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

सह्यकडा
स्टीम डेक ओलेड मागवा, पीसीचे गेम खेळायचं हातातलं यंत्र. ओलेड म्हणजे पिक्सेल (चित्राचे ठिपके) स्वतःच उजळणारी स्क्रीन. ७.४ इंच, ९० हर्ट्झ, पुसटपणाचा प्रश्नच नाही. स्टीम या ऑनलाइन दुकानात गेमच्या किमती रुपयांत असतात आणि सेल कायम चालू असतात. स्विच २ वर मारिओ कार्ट वर्ल्ड या एकट्या गेमचे ८० डॉलर.

विजेरी
पुसटपणा खरा आहे आणि तो कुठल्याही सेटिंगने जात नाही. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलीसेकंद टिकते. तेवढ्यात स्विच २च्या एलसीडी स्क्रीनच्या पिक्सेलचा रंग बदलून झाला नाही, तर आधीच्या फ्रेमची सावली पुढच्या फ्रेमवर उरते. या पॅनेलची मोजणी झाली तेव्हा सरासरी ३३ मिलीसेकंदांच्या आसपास आली, म्हणजे दोन फ्रेम. १२० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती नवी चित्रं स्क्रीनकडे पाठवता येतात, एवढंच. पिक्सेल तितक्या चपळाईने बदलतात असं त्यातून निघत नाही. चांगल्या मॉनिटरमध्ये पिक्सेलला क्षणभर जास्त व्होल्टेज देऊन ढकलतात, त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. इथे तो नसल्यासारखाच आहे. गेमयंत्रांच्या तांत्रिक चाचण्या करणाऱ्या डिजिटल फाउंड्रीने हेच दाखवलं आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

एचडीआरचंही तसंच. प्रकाश कडेने येतो, भागाभागाने कमी-जास्त होत नाही, आणि झळाळी ४२० निट्सच्या (उजेडाचं माप) आसपास थांबते. एवढ्यावर एचडीआरचा परिणाम दिसत नाही.

शेवटची_पातळी
विजेरी, आकडे बरोबर असतील, पण पहिल्या चार दिवसांत ३५ लाख यंत्रं विकली गेली. लोक आनंदाने खेळताहेत. समीक्षक स्लो मोशनचा कॅमेरा लावून दोष शोधतात, आपण गेम खेळतो.

विजेरी
ती विक्री झाली तेव्हा सविस्तर रिव्ह्यू फारसे आलेच नव्हते. ५ जून २०२५ला विक्री सुरू झाली, त्याआधी समीक्षकांना यंत्र नीट वापरून बघायला मिळालं नाही, कारण पहिल्या दिवसाचा अपडेट टाकल्याशिवाय बऱ्याच गोष्टी चालतच नव्हत्या. विक्रीच्या आकड्यावरून स्क्रीनचा निवाडा होत नाही. आणि कॅमेरा कशाला? झेल्डा गेममध्ये गावात उभं राहून उजवी काडी (जॉयस्टिक) हलकी फिरवा, पाट्यांवरची अक्षरं बघा. साध्या डोळ्यांना दिसतं.

तिसरा_खेळाडू
दोघेही धागाकर्त्याला माहिती विचारतच नाही आहात. घाट_उतार, जुनं यंत्र कोणतं?

घाट_उतार
ओलेड स्विच आहे. डोंबिवली ते सीएसएमटी रोज, जाता-येता. हॉलो नाइट, सेलेस्टे असे टू-डी गेम. हे सांगायचं राहिलं, पण त्याने उत्तर बदलतं का?

विजेरी
पूर्ण बदलतं! ओलेडचा पिक्सेल मिलीसेकंदाच्याही आत बदलतो. त्यावर सवय झालेल्या डोळ्याला हा पुसटपणा पहिल्या पाच मिनिटांत खुपेल. त्यातही टू-डी गेममध्ये सगळी पार्श्वभूमी एकदम आडवी सरकते, तिथे तो सगळ्यात जास्त दिसतो. २०१७चा स्विच सोडून आलेल्याला मोठी स्क्रीन आधी दिसते. टीव्हीवर खेळणाऱ्याला तर या पॅनेलशी देणंघेणंच नाही. रिव्ह्यूंमधला फरक इथून आलाय. समीक्षक कशावरून उठून आला आणि यंत्र कुठे चालवलं, हे वाचा. ते न सांगता दिलेला गुण तुमच्या काही कामाचा नाही.

मांडवी_काठ
शिवाय बॅटरी. अधिकृत आकडे: ओलेड स्विच ४.५ ते ९ तास, स्विच २ मात्र २ ते ६.५ तास. ५,२२० मिलीअँपिअर-तासांची असूनही. लोकलमध्ये जड गेम खेळायचा तर पीडी (यूएसबी-सीचं जलद चार्जिंग) असलेली ३० वॅटची पॉवर बँक ठेवा. वरच्या बाजूलाही यूएसबी-सी आहे, स्टँड लावूनही चार्ज होतो. सेटिंगमध्ये चार्जिंग ९० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय आहे, ती चालू करा. बॅटरी गोंदाने घट्ट चिकटवलेली आहे, बदलणं सोपं नाही. यंत्रं खोलून बघणाऱ्या आयफिक्सिटने दुरुस्तीच्या सोपेपणासाठी दहापैकी ३ दिलेत.

कोरे_कार्ट्रिज
गेम-की कार्डबद्दल कुणी बोलत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या कार्ट्रिजमध्ये गेमच नसतो, नुसती किल्ली असते. गेम डाउनलोड करायचा आणि तरी कार्ड आत ठेवूनच खेळायचा. सायबरपंक २०७७ सारखे ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण येणारे गेम मोजके. आतली जागा २५६ जीबी, आणि वाढवायला फक्त मायक्रोएसडी एक्स्प्रेस हे जास्त वेगाचं कार्ड चालतं. जुन्या साध्या कार्डावरून फोटो-व्हिडिओ घेता येतात, गेम नाही. गेमचा डबा घेताना खालची पांढरी पट्टी वाचा, त्यावर लिहिलेलं असतं.

घाट_उतार
मी कार्डाबद्दल विचारलं नव्हतं. तर मग नको सांगू का ताईला? लेकीला मारिओ कार्ट वर्ल्ड हवंय, ती टीव्हीवरच खेळेल.

तिसरा_खेळाडू
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. टीव्ही कोणता?

घाट_उतार
४३ इंची, ४के, ६० हर्ट्झ. एचडीआर१० आहे.

तिसरा_खेळाडू
मग उत्तर दोन भागांत. लोकलसाठी ओलेड ठेवा, विकू नका. अपडेट न आलेले जुने गेम २०२५ मध्ये स्विच २ वर हातात ७२०पीच चालत आणि १०८०पीच्या पॅनेलवर दीडपट ताणले जात, म्हणून ते आणखी मऊ दिसत. घरी टीव्हीसाठी स्विच २ घ्या. मारिओ कार्ट वर्ल्डसह पेटी २०२५ मध्ये ५०० डॉलरला होती, सुटा गेम घेण्यापेक्षा ३० डॉलर वाचत; अजून मिळाली तर तीच घ्या.

टीव्हीचं: सोबतचीच एचडीएमआय केबल वापरा. टीव्हीच्या ज्या पोर्टला लावाल त्याचा वाढीव सिग्नल चालू करा, एलजीत डीप कलर, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, सोनीत एन्हान्स्ड फॉरमॅट. तो बंद असेल तर ४के आणि एचडीआर पूर्ण मिळत नाहीत, आणि लोक यंत्राला दोष देतात. मग स्विचच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये एचडीआर आउटपुट 'फक्त सुसंगत सॉफ्टवेअर' वर ठेवा. सगळ्यांसाठी चालू ठेवलं की जुने गेम फिकट दिसतात. 'एचडीआरचे रंग धुतलेले' म्हणून जी ओरड चाललीय, तिचं हे एक मोठं कारण आहे. टीव्हीत एचजीआयजी (गेमसाठीची एचडीआर सेटिंग) असेल तर ते लावून मगच एचडीआरची जुळणी करा.

तुमच्या टीव्हीवर १२० हर्ट्झ येणार नाही, त्याची चिंता नको. १२० हर्ट्झ डॉकमधून (यंत्र टीव्हीला जोडणारा तळ) फक्त १०८०पी आणि १४४०पीला मिळतो आणि व्हीआरआर (गेमच्या वेगानुसार स्क्रीनचा वेग बदलणं) डॉकमध्ये नाहीच. मात्र सायबरपंकचा ४० फ्रेमचा मोड टाळा. ४० ने १२० ला भाग जातो, ६० ला जात नाही, त्यामुळे चित्र अडखळतं. ३० चा मोड लावा.

सह्यकडा
म्हणजे दोन यंत्रं सांभाळायची? डेक ओलेड एकटा दोन्ही करतो. आणि स्विच २च्या काड्या हॉल इफेक्टच्या (चुंबकावर चालणाऱ्या, न घासणाऱ्या) नाहीत, आत घासणारा पोटेन्शिओमीटरच आहे. ड्रिफ्ट, म्हणजे काडी न हलवता आपोआप सरकणं, पुन्हा येणारच.

तिसरा_खेळाडू
काड्यांबद्दल सहमत. पण डेकवर मारिओ कार्ट चालत नाही आणि घरातल्या लेकीला तेच हवंय. प्रश्न तिथे संपतो.

मांडवी_काठ
भारतात निन्टेन्डोची अधिकृत विक्री नाही, वॉरंटीही इथे चालणार नाही. म्हणून ताईंनी निघण्याआधी पेटी उघडायलाच हवी:
– वायफाय लावून अपडेट. त्याशिवाय जुने गेम चालत नाहीत.
– पांढऱ्या आणि काळ्या पूर्ण स्क्रीनवर मेलेले पिक्सेल बघणं.
– दोन्ही जॉय-कॉन (बाजूचे सुटे कंट्रोलर) लावून-काढून चुंबक पकडतंय का, काड्या मधे परत येतात का. मारिओ कार्टच्या मेनूत दहा सेकंद हात न लावता ठेवा, कर्सर सरकला तर दुकानात परत. पुढे सुटी जोडी घ्यायची झाली तर महाग पडते, यंत्र आलं तेव्हा ९५ डॉलरला होती.
– डॉकमधून टीव्हीवर चित्र, पंख्याची घरघर.
स्क्रीनवर कारखान्यातच लावलेली पातळ फिल्म असते. ती काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून आहे, स्क्रीनगार्ड समजून सोलू नये. सामानात: यंत्र केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

आणखी एक: जपानची स्वस्त आवृत्ती (२०२५ मध्ये आली तेव्हा ५०,००० येनच्या आसपास) कुणी सुचवली तर घेऊ नका. ती फक्त जपानी भाषेत चालते आणि जपानचंच खातं लागतं.

घाट_उतार
मारिओ कार्टची पेटीच आण असं ताईला सांगितलं. झेल्डाचे दोन्ही जुने गेम माझ्याकडे आहेत, ते नव्यासाठी पुन्हा विकत घ्यावे लागतील का? आणि ओलेडचा चार्जर-डॉक चालेल ना? म्हणजे ताईचं ओझं कमी होईल.

विजेरी
गेम पुन्हा नको. प्रत्येकी १० डॉलरचं अपग्रेड आहे, किंवा ऑनलाइन सदस्यत्वाच्या एक्स्पान्शन पॅकमध्ये ते येतंच. खातं ज्या देशाचं त्याच देशाचं ई-शॉप (निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान) गिफ्ट कार्ड घ्या.

डॉक चालणार नाही, चार्जरही टीव्हीसाठी नाही. जुना १५ व्होल्ट, ३९ वॅटचा आहे. नव्या डॉकला २० व्होल्ट, ६० वॅट लागतात, नाहीतर टीव्हीवर चित्रच येत नाही. हातात खेळताना बॅटरी भरायला जुना चालेल. नव्या ॲडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते ताईंना वाचायला सांगा. लिहिलं असेल तर इथे फक्त पिन बदलायचा तुकडा पुरे, ट्रान्सफॉर्मर नको.

शेवटची_पातळी
आल्यावर हातात घेऊनही एकदा झेल्डा खेळा आणि इथे लिहा. मला अजूनही वाटतं, तुम्हाला ते पुसट दिसणार नाही.