डोंगल घरी घेऊन ये म्हणे

(आमच्या घरच्या ग्रुपवरची चर्चा, जेवणं आटोपल्यावर सुरू झाली)

अंगणवाडीवाली काकू: ग्रामपंचायतीतली ऑपरेटर पोट्टी आठ दिवस झाले कामावर नाही गेली. लोकं दाखल्यासाठी येऊन वापस जाऊन रायले. आज तिची माय माह्याकडे येऊन लय रडली. सरपंच म्हणे पोट्टीले सारखं सांगते, ऑनलाइन सहीचं डोंगल घरी राह्यलं, संध्याकाळी येऊन घेऊन जा

बापू काका: 🚫 हा मेसेज हटवला आहे

पुण्याचा दादा: बरं केलं काका डिलीट केलं, पोरीचं नाव नका टाकू ग्रुपवर

बापू काका: चुकून पडलं रे. पण डोंगल न्याले बोलावलं तं काय झालं, त्याच्याशिवाय पेमेंट होते काय

अंगणवाडीवाली काकू: सरपंच अन् ग्रामसेवक दोघांचं लागते हे मलेही माहीत हाय बापूभाऊजी, पण घर ते ग्रामपंचायत दोन मिनिटाचा रस्ता अन् याची गाडी दिवसातून चारदा ऑफिससमोरून जाते मंग पोट्टीलेच काहून बोलावते, तेही सात वाजल्यावर, बायको माहेरी असली की. पहिल्यांदा गेली तं म्हणे चहा मांड. दुसऱ्यांदा हात धरला. मायनं मोबाईल दाखवला मले, रात्री 10 नंतरचे अकरा मिस कॉल अन् एक मेसेज, "राग आला का". डोंगलचा एक शब्द नाही त्यात

बापू काका: निवडणूक जवळ आली की निघतातच असे मुद्दे. विरोधी पार्टीचं काम असन. आपल्या वावराचा पांदण रस्ता त्यानंच करून देल्ला हे इसरू नका

मोठी आई: रस्ता देल्ला म्हून पोट्टी द्याची काय

पुण्याचा दादा: 👆👆 न्यूयॉर्कचा गव्हर्नर होता कुओमो, 2021 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या ॲटर्नी जनरलनं रिपोर्ट काढला की 11 बायकांचा छळ केला, आठवड्याभरात राजीनामा जाहीर करावा लागला त्याला

बापू काका: ते अमेरिका हाय बावा. इथं कोण राजीनामा देते. अन् तो काय नोकर हाय सस्पेंड कराले, लोकांनी निवडून देल्ला त्याले

वकील जावई: काकाजी सस्पेंड होत नाही हे खरं, सर्व्हिस बुकच नाही त्याचं. पण ग्रामपंचायत अधिनियम 1958 चं कलम 39 हाय, कामात गैरवर्तन किंवा लाजिरवाणं वागणं सिद्ध झालं तं विभागीय आयुक्त सरपंचाले काढू शकते, आपल्यासाठी अमरावती. चौकशी झेडपीच्या सीईओकडे जाते. पण त्याले लय वेळ लागते, वरून सरकारकडे अपील, तेव्हा त्या एकाच भरवशावर नका राहू. आधी कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा धरा. 10 पेक्षा कमी माणसं असलेल्या ऑफिसात तक्रार ऐकणारी समिती नसते, म्हून तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, अन् वरच्याच माणसावर तक्रार असली तरी तिथंच. घटनेपासून 3 महिन्यात द्याची, कारण पटलं तं समिती अजून 3 महिने वाढवून देते. चौकशी 90 दिवसात. हात धरला त्याची पोलीस केस वेगळी, न्याय संहितेचं कलम 74 अन् 75

बापू काका: अन् खोटी निघाली तं? पोट्टीच फसन

वकील जावई: पुरावा कमी पडला म्हून तक्रार खोटी ठरत नाही जी, 2013 च्या कायद्याच्या कलम 14 मध्येच लिहून हाय. मुद्दाम खोटी केली हे वेगळं सिद्ध करा लागते

दर्यापूरवाली आत्या: आत्ता वाचलं सगळं, लाइन नव्हती. आम्हाले ट्रेनिंगमध्ये सांगतलं होतं, राजस्थानात भंवरी देवी म्हून साथिन होती, म्हणजे आमच्यासारखीच गावात सरकारचं काम करणारी, बालविवाह थांबवाले गेली म्हून 1992 मध्ये तिच्यावर अत्याचार झाला अन् 1995 ले कोर्टानं बलात्काराच्या आरोपातून सगळ्यायले सोडलं. या अत्याचारावरून बायकांच्या संघटना 1992 लेच सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या, 1997 ले कामाच्या जागचा छळ थांबवाचे नियम घालून देणारा विशाखा निकाल आला अन् त्याचा कायदा व्हाले 2013 उजाडलं. बाई खेड्यातली, काम खेड्यातलं अन् आपल्याले वाटते हा कायदा पुण्यामुंबईच्या एसीवाल्या ऑफिसाचा हाय

पुण्याचा दादा: 🙏

अंगणवाडीवाली काकू: हे सगळं ठीक पण मायचं म्हणणं वेगळंच हाय. पोट्टीचं तीन महिन्याचं मानधन अडकलं हाय, तक्रार केली तं ते बुडन म्हणते. अन् मामाच्या गावाहून पाहुणे येणार होते पाहाले

वकील जावई: चौकशी चालू असताना तिले 3 महिन्यापर्यंत सुट्टी द्या अशी शिफारस समिती करू शकते, तसा लेखी अर्ज द्याचा. नाव बाहेर फोडाले मनाई हाय कायद्यात. अन् मेसेज डिलीट करू देऊ नका, स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या मोबाईलात टाका आजच

बापू काका: मी म्हणतो आधी एकदा त्याले घरी बोलावून चार लोकात समजावलं तं

मोठी आई: चार लोकं कोण? तुह्यासारखेच ना

अंगणवाडीवाली काकू: उद्या दहाच्या यष्टीनं जातो आम्ही तिघी, कलेक्टर ऑफिसात

(बराच वेळ कोणाचाच मेसेज नाही)

बापू काका: दहाच्या यष्टीत उभं राहाले जागा नसते. मी गाडी काढतो. पण माह्यं नाव कोठी येऊ देऊ नका, पांदणीचा अर्धा मुरूम टाकाचा बाकी हाय अजून

अंगणवाडीवाली काकू: तुमचंही नाही अन् तिचंही नाही. साडेआठले फाट्यावर उभे राहजा, गावातून नाही बसत आम्ही